गाडी आणायला स्वीडनला जायचं का?

"स्वीडनला जाऊन व्होल्वो घे, विमानाची दोन तिकिटं फुकट मिळतात," असं तुम्हाला ज्याने सांगितलं, त्याच्याकडे पासपोर्ट अमेरिकेचा आहे की भारताचा, हे आधी विचारून घ्या. दोन्ही निळेच, पण इमिग्रेशनच्या खिडकीपाशी निळ्यानिळ्यात फरक पडतो.

आम्ही राहतो न्यू जर्सीत. २०२४ च्या सुरुवातीला आमच्या जुन्या गाडीने मान टाकली, तेव्हा तीन वाटा समोर होत्या. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला जाऊन व्होल्वो एक्ससी६० घ्यायची, साउथ कॅरोलिनातल्या ग्रीरला जाऊन बीएमडब्ल्यू एक्स३ घ्यायची, किंवा गुपचूप घराजवळच्या डीलरकडून जी मिळेल ती आणायची. बायको व्होल्वोच्या बाजूची, मी बीएमडब्ल्यूच्या. कोण जिंकलं ते कळेलच.

आधी एक जुनी समजूत. मंडळाच्या गणपतीत हमखास एक काका भेटतात, ज्यांनी म्युनिकला बीएमडब्ल्यू ताब्यात घेऊन आल्प्समध्ये फिरवलेली असते. ती गोष्ट खरी, पण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठीची ती योजना बीएमडब्ल्यूने २०२० मध्ये बंद केली आणि मर्सिडीजनेही त्याच सुमारास. काकांचे फोटो बघा, सल्ला घेऊ नका.

व्होल्वोच्या अशाच योजनेचं काम असं चालायचं: गाडी अमेरिकेतल्या डीलरकडेच नोंदवायची, ती बनते अमेरिकेच्या नियमांप्रमाणे, आणि निघण्याआधी सगळे पैसे भरून मोकळं व्हायचं. मग दोन माणसांचं येण्याजाण्याचं तिकीट, गोथेनबर्गमध्ये एका रात्रीचं हॉटेल, स्वीडनची तात्पुरती नंबरप्लेट आणि पंधरा दिवसांचा विमा. फिरून झालं की गाडी गोथेनबर्गलाच परत द्यायची, ती जहाजाने कंपनीच्या खर्चाने येते. तिथल्या टोर्सलांडा कारखान्यात, जो १९६४ पासून चालू आहे, एक्ससी६० आणि एक्ससी९० बनतात. अटी दर वर्षी बदलतात, म्हणून योजना अजून चालू आहे का ते विचारा, आणि डीलरकडून चालू वर्षाचा कागद हातात घेतल्याशिवाय सुट्टी टाकू नका.

आता पैसे. इथे बहुतेकांची गफलत होते. दोन तिकिटं फुकट म्हणजे गाडी तेवढ्याने स्वस्त, असा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा तुम्ही त्या वर्षी युरोपला तसेही जाणार होता. आम्ही जाणार होतो, म्हणून तिकिटं वाचली आणि भाड्याच्या गाडीचे पैसेही. पण मुलीचं तिसरं तिकीट आमचंच, पुढची हॉटेलं आमची, आणि स्वीडनमधलं पेट्रोल भरताना अमेरिकेतली सवय असलेला माणूस दोनदा मीटर बघतो. शिवाय या योजनेत आम्हाला किंमत छापीलच लागली, घासाघीस झाली नाही. जवळच्या डीलरकडे महिनाअखेरीस बसलात, तर तो थोडाफार खाली येतोच. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर कुठूनही घ्या, चुकत नाही. आणि कर्ज काढलं असेल, तर गाडी अटलांटिकवर असतानाच पहिला हप्ता खात्यातून जातो. आमचे दोन गेले.

कागदपत्रांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण आपल्या लोकांची गाडी इथेच अडते. भारतीय पासपोर्ट असेल, तर ग्रीन कार्ड असलं तरी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे स्वीडनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो. ग्रीन कार्ड नसेल आणि एच-१बीवर असाल, तर पासपोर्टातला अमेरिकन व्हिसाचा शिक्का चालू आहे का, ते आधी बघा. आय-७९७ चा, म्हणजे एच-१बीच्या मंजुरीचा, कागद चालू असला म्हणून भागत नाही. शिक्का संपला असेल, तर कॅनडा-मेक्सिकोची छोटी फेरी मारून परत येण्याची सोय आहे, स्वीडनहून येणाऱ्याला नाही. माझ्या ऑफिसातला एक मुलगा एक्ससी९०चा आतला रंग ठरवून बसला होता, शिक्का ऑक्टोबरातच संपलेला. त्याने ती गाडी शेवटी एका शनिवारी दुपारी घराजवळून घेतली, आणि त्याने योग्यच केलं.

आमचं ग्रीन कार्ड होतं, व्हिसा मिळाला, बायको जिंकली.

सकाळी कारखाना बघितला, छोट्या गाडीत बसवून आतून फिरवतात. मग एका स्वच्छ, शांत हॉलमध्ये आपली गाडी उभी. तिथल्या बाईने सगळी बटणं समजावली आणि किल्ली दिली. बायकोने पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली. बाईंनी हसून विचारलं, हे धुतल्यावर निघतं ना? चाकाखाली ठेवायचं लिंबू सुपरमार्केटातून आदल्या दिवशीच आणलं होतं, ते बाहेर पार्किंगमध्ये चिरडलं. नारळ फोडायची हिंमत झाली नाही, तो घरी फोडला.

रस्त्यांबद्दल थोडंच. स्वीडनमध्येही एके काळी आपल्यासारखी डाव्या बाजूने वाहतूक होती, ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे अख्खा देश उजवीकडे सरकला. त्यामुळे अमेरिकेत शिकलेल्याला अडचण नाही. दिवसाही दिवे लावून चालवायचं, आणि रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०२ टक्के, म्हणजे चालवणाऱ्याने जेवताना एक बिअरही नको. ओस्लो तीनशे किलोमीटरच्या आत, कोपनहेगनला एरेसुंड पुलावरून जाता येतं. डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सहाव्हनची बोटही आहे, मुलं बरोबर असतील तर तीच घ्या.

परत देताना गाडी धुऊन द्यायची. अमेरिकेत येणाऱ्या गाडीला परदेशातली माती लागलेली चालत नाही, पिकांवर रोग येतात म्हणून. आमची गाडी नॉर्वेतल्या एका शेताच्या कडेला चिखलात गेली होती. पेट्रोल पंपावरच्या धुण्याच्या जागी मी गुडघ्यावर बसून चाकामागच्या कमानीत पाण्याचा फवारा मारत होतो, आणि तिथून लिंबाची एक वाळलेली साल खाली पडली.

मग वाट बघणं. आमची गाडी नऊ आठवड्यांनी न्यू जर्सीत आली, पण आल्याचं डीलरने कळवलंच नाही, आठ दिवस ती त्यांच्या आवारात उभी होती. जहाजाचं नाव आणि तारीख विचारून ठेवा, आणि फोन आपणच करत राहा. वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरणार, तेही लिहून घ्या. घरात एकच गाडी असेल, तर हे दोन महिने फार लांबतात.

ग्रीरचं काय? अमेरिकेतली बीएमडब्ल्यूची एक्स मालिकेतली बहुतेक मॉडेलं तिथे बनतात, कारखाना १९९४ पासून आहे. एका रात्रीचं हॉटेल, कारखान्याची फेरी, आणि समोरच्या ट्रॅकवर कंपनीच्या गाडीत बसून जोरात ब्रेक मारणं, ओल्या जागी घसरणं, हे सगळं शिक्षकाबरोबर. विमानाचं तिकीट तुमचं. पण व्हिसा नको, जहाज नको, गाडी त्याच दिवशी तुमची. तिथून न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत साधारण ११०० किलोमीटर आहे. नवीन बीएमडब्ल्यू पहिले १२०० मैल, म्हणजे सुमारे १९३० किलोमीटर, जपून चालवायची असते, त्यातला निम्म्याहून जास्त भाग घरी येईपर्यंतच उरकतो. लेकाला ट्रॅकचं वेड असेल, तर मी स्वीडनऐवजी हेच सुचवेन.

घराजवळच्या डीलरला फारसं कुणी मिरवत नाही, पण जुनी गाडी देऊन नवी घ्यायची असेल, आठ दिवसांत हवी असेल, किंवा घरात पाळणा हलणार असेल, तर तिथेच जा.

पुण्याहून भावाने विचारलं, आम्हाला असं करता येईल का? नाही. तयार गाडी आणली तर आयात शुल्कच गाडीच्या किमतीच्या घरात जातं, आणि ही गाडी डावीकडे स्टिअरिंगची. त्याने फोटो मागितले, पाठवले.

पुढच्या उन्हाळ्यासाठी तुम्ही विचार करत असाल, तर शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्याच्या तारखा झटकन भरतात. पासपोर्ट आज कपाटातून काढा, रंग जानेवारीत ठरवला तरी चालेल.