जुना प्लेस्टेशन १ घेताय? आधी पाठ बघा

सेकंडहँड प्लेस्टेशन १ घ्यायचा असेल तर रंग-स्क्रॅच नंतर बघा, आधी मशीन उलटं करून स्टिकरवरचा नंबर वाचा. एससीपीएच-१००१ असेल आणि मागे टीव्हीची वायर जोडायच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असतील तर तो सुरुवातीचा मॉडेल, आवाज मस्त, ऑडिओवाले लोक त्यावर जीव टाकतात, पण डिस्क वाचणाऱ्या लेझरचं काय सांगू, तो पॉवर सप्लायच्या शेजारीच बसवलाय आणि त्याचा स्लेड (लेझर ज्यावर बसून सरकतो तो भाग) प्लास्टिकचा, म्हणजे गरम होणार, झिजणार, मग लेझर तिरका बसतो आणि व्हिडिओ सीन अडखळायला लागतात. त्यामुळेच तर लोक कन्सोल उलटा ठेवून खेळायचे!

५५०१ नंबरच्या मॉडेलपासून लेझर दुसऱ्या बाजूला गेला, त्या पिनाही गेल्या. माझ्या मते सगळ्यात बिनधास्त घ्यावा असा ७५०१, कारण तो लेझरची सेटिंग स्वतःच जुळवून घेतो, जुन्यांत ते स्क्रूड्रायव्हरने बोर्डावरचे पॉट (सेटिंग कमी-जास्त करायचे छोटे स्क्रू) फिरवून करावं लागतं, आणि कुणी लेझरचा पॉट जास्त फिरवून पॉवर वाढवलेली असेल तर डिस्क आज वाचेल पण लेझर लवकर जाईल. विकणारा हे सांगणार थोडीच. ९००१ पण चांगला, फक्त मागचा पॅरलल पोर्ट (जादा उपकरणं जोडायची जागा) नाही.

२००० सालचा छोटा पीएसवन, अडॅप्टर बाहेर, उष्णता कमी, छान आहे.

टेस्ट करताना नुसता मेनू बघून पैसे देऊ नका, लांबलचक व्हिडिओवाला गेम लावा आणि मशीन चांगलं तापू द्या.