भेरली माडाचं बी: ताजं सोलावं की भिजवून?

भेरली माडाच्या, म्हणजे माशाच्या शेपटीसारखी पानं असलेल्या ताडवर्गीय झाडाच्या, पिकल्या फळाचा गर हाताला भयंकर खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ताजी फळं सुरीने सोलली तर काम त्याच दिवशी उरकतं. पण बियांना गराचे धागे चिकटून राहतात आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. मूठभर बिया लगेच पेरायच्या असतील तरच हे चालेल.

मला भिजवणंच पटतं. दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग रबरी हातमोजे घालून जाड वाळूत चोळा. गर सहज सुटतो. वास येतो खरा! नंतर बिया सावलीत फक्त वरून सुकवा; कडक उन्हात त्यांची उगवणशक्ती जाते.