ऑनलाइन मागवलेला अरणीसंच: लाकूड उत्तम, दोरी टाकाऊ

अग्निमंथनाची, म्हणजे लाकडावर लाकूड घासून अग्नी पाडण्याची साधने एरवी जाणकार सुताराकडून घडवून घ्यावी लागतात. आता ती घरपोच मिळू लागली आहेत, म्हणून एका विक्रेत्याकडून साडेतीन हजार रुपयांचा संच मागवला. त्यात पिंपळाची अधरारणी (खालची फळी) व उत्तरारणी (जोडीची दुसरी फळी), खैराचे चात्र, म्हणजे फिरवायचा उभा दांडा, चात्राच्या बुडाशी ठोकून बसवायचे दोन प्रमंथ, म्हणजे अधरारणीवर घासले जाणारे लाकडी तुकडे, चात्र वरून दाबून धरायची ओविली आणि नेत्र, म्हणजे चात्राला वेढे देऊन ओढायची दोरी, एवढ्या वस्तू येतात.

अधरारणीच्या लाकडाबद्दल तक्रारीला जागा नाही. कर्मप्रदीप या धार्मिक कर्मांवरच्या संस्कृत ग्रंथात अरणीची लांबी २४, रुंदी ६ आणि उंची ४ अंगुळे सांगितली आहे. संचातील फळी त्या मापाला बरीचशी उतरते. लाकूड पुरते वाळलेले असून नखाने दाबल्यास त्यावर बारीक खूण उमटते, आणि मंथनाला असेच हलके, कोरडे लाकूड लागते. ते शमीवर उगवलेल्या पिंपळाचे असल्याचा विक्रेत्याचा दावा मात्र फळीकडे पाहून पडताळता येत नाही, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

चात्र आणि ओविली यांची जोडणी नेटकी आहे. चात्राच्या माथ्यावरचा लोखंडी खिळा ओविलीच्या खाचेत न अडखळता फिरतो. तिथे तुपाचे बोट लावले की वरचे घर्षण नाहीसे होऊन सगळा जोर खाली, प्रमंथ आणि अधरारणी यांच्यामध्ये येतो. एकाने ओविली घट्ट दाबून धरायची आणि दुसऱ्याने रवीने ताक घुसळावे तशी दोरी आळीपाळीने ओढायची, अशी ही दोघांची कामगिरी आहे. सुरुवातीला अधरारणीत प्रमंथ जिथे फिरतो त्या खड्ड्याच्या कडेला तपकिरी, भरड भुकटी जमते. वेग वाढवला की ती काळी आणि मऊ होते आणि धूर दाटतो. दोरी थांबवल्यावरही त्या काळ्या भुकटीतून धुराची बारीक रेघ निघत राहिली, तर ठिणगी धरली असे समजावे आणि ती हलक्या हाताने पिंजलेल्या काथ्यावर घेऊन फुंकर घालावी. जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे अर्ध्या मिनिटात हे साधत नाही. घाम निघतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तर अरणी आधी उन्हात ठेवल्याशिवाय नुसता धूरच पदरी पडतो.

खरी अडचण दोरीची आहे. शास्त्रात गाईच्या शेपटीचे केस आणि ताग एकत्र वळून केलेली तिपेडी दोरी सांगितली आहे, कारण तिची खरखरीत वीण लाकडाला पकडते. या संचात गुळगुळीत नायलॉनची दोरी दिली आहे. ती चात्रावरून घसरते, तापली की मऊ पडते आणि नेमका धूर दाटत असताना वेढे सुटतात. बाजारातून सुंभाची दोरी आणून लावल्यावर हाच संच कामाचा ठरला.

दुसरा दोष पॉलिशचा. अधरारणी चकचकीत दिसावी म्हणून खड्ड्यातही पॉलिश फासले आहे, त्यामुळे प्रमंथ कर्कश आवाज करत नुसता फिरतो आणि भुकटी पडतच नाही. खड्डा चाकूने खरवडून आतले कोरे लाकूड उघडे केल्याखेरीज पुढे जाऊ नये.

दोन्ही प्रमंथ झिजल्यावर नवे प्रमंथ उत्तरारणीतूनच कापून घेण्याची रीत आहे. उत्तरारणी असते ती त्यासाठीच. या विक्रेत्याने मात्र तिच्यावर स्वस्तिक आणि वेलबुट्टी कोरून तिची शोभेची वस्तू केली आहे, आणि कोरीव भाग सोडला तर त्या फळीतून जेमतेम एक प्रमंथ निघेल. मागणी नोंदवताना साधी, बिनकोरीव आणि बिनपॉलिशची उत्तरारणी हवी असे लेखी कळवावे. विचारल्यावर विक्रेता ती त्याच किमतीत देतो.