कारखान्यात संगणक आणताना कुणाचा हात धरायचा: टॅलीवाला, सल्लागार की आपलाच स्टोअरकीपर?

बेळगावजवळच्या मच्छेतल्या एका कास्टिंग (धातू ओतून सुटे भाग करणाऱ्या) कारखान्याच्या मालकांनी परवा टेबलावर दोन कोटेशनं ठेवली. एक शहापुरातल्या टॅलीवाल्याचं, म्हणजे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याचं, दोन पानांचं. दुसरं पुण्याच्या ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, बिलं एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) सल्लागाराचं, स्पायरल बाइंडिंग केलेलं, चांगलं जाडजूड. तिसरा पर्याय शेजारी उभा होता, त्यांचा धाकटा मुलगा. "बाबा, ईआरपीनेक्स्टला लायसन्सचे पैसे लागत नाहीत. मी आणि स्टोअरचे अण्णा मिळून करतो की."

मालक मला म्हणाले, "तिघंही बरोबर बोलूलेत असं वाटतंय. खरं पैसे कुणाला देऊ ते सांगा."

मी सोळा वर्षं उद्यमबागेत एका फौंड्रीच्या स्टोअर आणि डिस्पॅचला होतो. आता लहान कारखान्यांना हेच काम लावून देतो. त्यामुळे माझा कल कुठं आहे ते आधीच सांगून टाकतो: घरच्या माणसाकडे. पण तो रस्ता प्रत्येकाला झेपत नाही, म्हणून तिन्ही नीट तपासून बघू.

कायद्यापुरतं कुणीही चालेल

बरेच मालक जीएसटीच्या धाकानं सॉफ्टवेअरकडे वळतात. उलाढाल २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यायचं बिल, लागू आहे. उलाढाल १० कोटी किंवा जास्त असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर चढलंच पाहिजे. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहणं बंधनकारक आहे. मालकी किंवा भागीदारी फर्मला हा नियम नाही. एवढं तिघंही करून देतील. इथं टॅलीवाला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पटकन. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा ज्यांचा टॅलीवाला गावातच होता त्यांची बिलं दुसऱ्या दिवशी निघाली. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, त्याला फोन लावा.

फरक कळतो तो शिनोळीच्या रस्त्यावर

आपला धंदा दोन राज्यांत पसरलाय. बेळगावात ओतलेला माल मशीनिंगला शिनोळीला जातो, कोल्हापूरकडं जातो, तिथून परत येतो. शिनोळी वीसेक किलोमीटरवर, पण चंदगड तालुका म्हणजे महाराष्ट्र. आपला जीएसटी क्रमांक २९ नं सुरू होतो, त्यांचा २७ नं. विक्रीच्या मालाला ई-वे बिलासाठी (मालाच्या वाहतुकीची पोर्टलवरची नोंद) ५० हजारांची मर्यादा आहे, पण दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला, म्हणजे आपल्याच मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, माल पाठवताना ते लागतंच, माल पाच हजारांचा असला तरी. हुबळीला जॉबवर्कला पाठवलात तर ही अट नाही, शिनोळीला पाठवलात तर आहे.

शिवाय जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. नाही आला, तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि कर व्याजासकट मागतात. डाय, पॅटर्न, जिग, फिक्स्चर अशा साच्या-साधनांना ही मुदत नाही. म्हणजे मालासोबतच्या चलनावर "कास्टिंग" आणि "फिक्स्चर" वेगळं लिहिलं गेलं पाहिजे. ते लिहितो कोण? गेटवरचा माणूस, संध्याकाळी सहा वाजता, टेम्पो चालू ठेवून ड्रायव्हर हॉर्न देत असताना.

माझी कसोटी ही आहे. तिघांपैकी प्रत्येकाला विचारा: सहा वाजता गेटवर काय होईल?

टॅलीवाला सांगेल, "चलन ऑफिसात करा, आम्ही दाखवतो." चूक नाही, पण त्याचं जग बिलापाशी सुरू होतं आणि बिलापाशीच संपतं. किती नग गेले, किती परत आले, किती मशीनवर फुटले, हा हिशेब त्याच्यासाठी "अ‍ॅड-ऑन". असलं अ‍ॅड-ऑन त्याच्या दुकानातला एखादा हुशार मुलगा लिहितो. मग त्या मुलाला बेंगळूरला नोकरी लागते. पुढच्या वर्षी टॅलीची नवी आवृत्ती आली, की अ‍ॅड-ऑन चालेना, आणि ते उघडून बघणारा कुणी नाही. असं मी तीन कारखान्यांत पाहिलंय. त्याच्याकडून काम घ्यायचंच असेल, तर लिहिलेला कोड तुमच्या ताब्यात मिळेल असं कोटेशनवर लिहून घ्या. बहुतेक जण देतात, मागणारेच थोडे.

सल्लागार: आमच्याच फौंड्रीतली गोष्ट

सल्लागाराबद्दल मी अनुभवानं बोलतो. माझ्या जुन्या कारखान्यात एक सल्लागार आणला होता. माणूस हुशार, कष्टाळू. दर मंगळवारी यायचा. पहिल्या महिन्यात त्यानं असे प्रश्न विचारले, की मालक गप्प झाले. तुम्ही किलोवर दर लावता, पण एका हीटमधून, म्हणजे भट्टीच्या एका वितळणीतून, चांगला माल किती किलो निघतो हे कुठं लिहिलंय? रनर-रायझर, म्हणजे ओतल्यावर कास्टिंगला चिकटून राहिलेला जादा धातू, परत भट्टीत जातो, त्याचं वजन कोण करतं? वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. सल्लागाराची खरी किंमत या प्रश्नांत असते, आणि ती मी आजही मानतो.

गाडी अडली ती नावांवर. आमच्याकडे एकाच कास्टिंगला तीन नावं होती. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरचा पार्ट नंबर, आमच्या पॅटर्नवर ठोकलेला नंबर, आणि मोल्डिंगच्या पोरांनी ठेवलेलं नाव. एका हाउसिंगला सगळे "मोठी टोपी" म्हणायचे, तिच्या लहान बहिणीला "बारकी टोपी". सल्लागाराच्या माणसांनी यादी ड्रॉइंगवरून केली, इंग्रजीत, सोळा अक्षरी कोड. फेटलिंगवरून (कास्टिंग घासून साफ करतात तिथून) माल आला की स्टोअरमधल्या मुलानं त्या यादीत "मोठी टोपी" शोधायची. सापडायची नाही. मागं हातगाडी थांबलेली. मग वरून पहिला दिसेल तो कोड दाबायचा. महिनाअखेरीस पडद्यावर एका कास्टिंगचा साठा उणे ३४० नग दिसला. उणे! रॅकवर मात्र ढीग. त्या दिवशी मालकांचा विश्वास उडाला आणि निळ्या पुठ्ठ्याची वही परत टेबलावर आली. सात महिन्यांत सगळं बंद.

चूक एकट्या सल्लागाराची नव्हती. मी स्टोअरला होतो, मला तिन्ही नावं पाठ होती. मला कुणी बसवलं नाही आणि मीही आपणहून गेलो नाही. याची खंत मला आजही आहे.

दुसरी अडचण लिपीची. खानापूरकडचा कामगार मराठी वाचतो, बैलहोंगलचा कन्नड, भट्टीवरची बिहारची पोरं हिंदी. पडद्यावर इंग्रजी. हल्ली मी कुठंही काम लावताना कोडशेजारी मालाचा फोटो लावतो आणि कोड पॅटर्नवरच्या नंबराचाच ठेवतो. फोटो सगळ्यांना वाचता येतो.

घरचा माणूस

आता मुलगा आणि अण्णा. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, मुक्त स्रोताचं. लायसन्सला पैसे नाहीत हे खरं, म्हणून ते फुकट पडतं असं नाही. सर्व्हर लागतो, रोजचा बॅकअप लागतो, आणि कुणाचे तरी सहा महिने जातात. ते सहा महिने कोटेशनवर दिसत नाहीत, पगारात दिसतात.

घरच्या माणसाचं बळ एकच, पण मोठं: त्याला "मोठी टोपी" म्हणजे काय ते माहीत असतं आणि सहा वाजता तो गेटवर असतो. नियम बदलला, कामगार बदलला, गिऱ्हाइकानं नवा फॉर्म मागितला, तरी तो इथंच.

दुबळेपणाही तसाच मोठा. डिस्पॅच अडला की मालक पहिली हाक त्यालाच मारतात आणि संगणक बाजूला पडतो. अडलं तर विचारायचं कुणाला? आणि सगळं एकाच्याच डोक्यात राहिलं, तर तो आजारी पडला की कारखाना आजारी. यावर उपाय आहे, पण मालकाला तो कडू लागतो: त्या माणसाच्या रोजच्या कामातले चार तास खरोखर काढून दुसऱ्याला द्यायचे, आणि त्याच्याजोडीला आणखी एकाला शिकवायचं.

मुलगा की अण्णा, असंही विचारतात. मी अण्णांना पुढं ठेवतो, मुलाला त्यांच्यामागं. मालकाच्या मुलाला कामगार "हो हो" म्हणतात आणि जुन्या वहीतच लिहितात. अण्णांनी सांगितलं की वाद घालतात, भांडतात, पण करतात. उद्यमबागेतच गोगटे इन्स्टिट्यूट हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मच्छेला व्हीटीयू हे तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ. तिथल्या मुलांकडून बारकोडसारखं आटोपशीर काम प्रोजेक्ट म्हणून करून घेता येतं. कारखान्याचा कणा मात्र त्यांच्यावर टाकू नका, सेमिस्टर संपली की ती जातात.

पैशाची तुलना एकाच कागदावर

दोन पानांचं आणि जाडजूड कोटेशन शेजारी ठेवून आकडे जुळत नाहीत. तीन वर्षांचा खर्च एका कागदावर मांडा. लायसन्स, बसवण्याचा खर्च, वार्षिक देखभाल, माणूस वाढला तर वाढीव, जुना डेटा भरण्याचा खर्च, नंतरच्या बदलाचा रोजाचा दर, येण्याजाण्याचा खर्च. घरच्या पर्यायात सर्व्हर आणि त्या चार तासांचा पगार धरा. हे मांडलं की स्वस्त-महागाचा क्रम पुष्कळदा बदलतो.

हप्त्यांबद्दल एक गोष्ट मी हट्टानं सांगतो. शेवटचे तीस टक्के "सिस्टिम सुरू झाली" यावर देऊ नका. सुरू होणं सोपं असतं. लागोपाठ दोन महिनाअखेरींना पडद्यावरचा साठा आणि रॅकवरची मोजणी जुळली, की द्या. आणि सगळा डेटा कधीही एक्सेलमध्ये काढून नेता येईल, हे करारात असू द्या.

उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर झेड या दर्जाच्या सरकारी प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत आहे. हे सॉफ्टवेअरसाठीचं अनुदान नव्हे, पण त्या निमित्तानं नोंदींची शिस्त लागते आणि पुढचं काम हलकं होतं.

कुणी काय निवडावं

एकच शेड, उलाढाल ५ कोटींच्या आत, माल बहुतेक थेट विकला जातो: टॅलीवाला आणि स्टोअरकीपर, बस. सल्लागारावर खर्च करू नका.

शिनोळी-कोल्हापूरला जॉबवर्क रोजचं असेल, तर घरचा माणूस मुख्य आणि टॅलीवाला बिलांपुरता. सुरुवात फक्त जॉबवर्कच्या चलनापासून करा. उत्पादन, हजेरी, खरेदी सगळं पुढच्या वर्षी.

निर्यात असेल, गिऱ्हाइक हीट नंबरावरून माल मागं शोधून दाखवा म्हणत असेल किंवा दोन-तीन युनिटं असतील, तर सल्लागार घ्या. पण तो ठरावीक महिन्यांसाठी, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या शेजारी तुमचा माणूस बसलेला हवा. मालाची यादी त्या माणसानं करायची, सल्लागारानं तपासायची. उलटं नको.

तिन्हींत एक जागा मालकाचीच आहे, ती कुणाला विकत देता येत नाही. मी पाहिलेले बहुतेक प्रयोग फोनवर मेले. मालक केबिनमधून फोन करतात, "आज किती मोल्ड झाले रे?" पलीकडून वहीतला आकडा येतो. त्या क्षणी साऱ्या कारखान्याला कळतं, की पडदा शोभेचा आहे. पहिले तीन महिने रोज तासभर पडद्यासमोर बसा, आकडा तिथूनच बघा. चुकीचा असेल तर ज्यानं भरला त्याच्याजवळ जाऊन विचारा, रागावू नका. आणि वही कधी बंद करायची ती तारीख आधीच फळ्यावर लिहा.

मच्छेच्या मालकांनी अजून सही केलेली नाही. रविवारी कारखाना बंद असतो तेव्हा स्टोअरमधल्या पहिल्या दोन रॅक मोजायच्या ठरल्यात. अण्णा नावं सांगणार, मुलगा मोबाइलवर फोटो काढून लिहिणार, मालक स्वतः मोजणार. पुण्याच्या सल्लागारालाही बोलावलंय. तो आला, तर सोमवारी त्याच्याशी बोलायला बसू.