होमलोन लवकर फेडायचंय: चिल्लर कपात की ठोक कपात?

गेल्या दोन वर्षात ऑफिसमधल्या तीन-चार जणांनी मला हा प्रश्न विचारला, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो. होमलोन लवकर संपवायचं तर घरखर्चातून पैसे काढायला लागतात, आणि ते काढायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे सगळीकडून थोडं थोडं, दुधापासून ओटीटीपर्यंत, त्याला आमच्या घरात चिल्लर कपात म्हणतात. दुसरी म्हणजे एक-दोन मोठे खर्च पूर्णच बंद आणि बाकी घर आहे तसं चालू द्यायचं, ती ठोक कपात. आम्ही दोन्ही केल्या, आधी पहिली अकरा महिने आणि नंतर दुसरी जी अजून चालू आहे.

लोन सप्टेंबर २०२१ चं, ३५ लाख, २० वर्षं, तेव्हा व्याज ६.८० टक्के होतं म्हणजे हप्ता २६,७०० च्या आसपास. तेव्हा रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ टक्के होता हे सगळ्यांना आठवत असेलच. मे २०२२ पासून तो वाढायला लागला तो फेब्रुवारी २०२३ मधे साडेसहावर जाऊन थांबला, आणि आमचं लोन रेपोला जोडलेलं असल्यामुळे व्याज ९.३० झालं. त्या मार्चमधे मी स्टेटमेंट काढलं तर हप्त्यातले २६,३०० व्याजात जात होते आणि मुद्दलात चारशे रुपये. दीड वर्ष हप्ते भरून बाकी होती ३४ लाख. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत ताणली होती आणि मला ते कळलंच नव्हतं. (रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मधे बँकांना सांगितलं की रेट बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची हे कर्जदाराला विचारा, पण ते नंतर.) मूळ मुदतीत संपवायचं तर हप्ता ३२,१०० करायला लागणार होता, तो केला, आणि त्याच्या वर अजून काही टाकता येईल का हा विचार तेव्हापासून सुरू झाला.

थोडं थोडं टाकून काय होणार असं वाटत असेल तर एक हिशेब सांगतो. ४० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरा, हप्ता ३४,७०० होतो. पहिल्यापासून दरमहा २,००० जास्त भरले तर अडीच वर्षं आधी संपतं. ५,००० जास्त भरले तर सव्वापाच वर्षं आधी आणि व्याज साधारण १३ लाखांनी कमी. १०,००० भरले तर आठ वर्षं. म्हणजे दोन हजारसुद्धा वाया जात नाहीत, आणि म्हणूनच आम्ही चिल्लर कपातीने सुरवात केली.

त्यात काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही, तुम्हाला माहितीच आहे. म्हशीचं दूध बंद करून गायीचं, किराणा महिन्यातून एकदाच, दोन ओटीटी बंद, बाहेरचं खाणं महिन्यातून एकदा, ऑफिसचा चहा दोनाऐवजी एक. रोज रात्री वहीत हिशेब लिहायचा. कागदावर महिन्याला सरासरी ४,३०० वाचत होते आणि मी खूष होतो.

पण वर्षाअखेरीला बघितलं तर लोनमधे गेले होते फक्त १२ हजार. बाकीचे कुठे गेले? आमच्या बँकेत एका हप्त्यापेक्षा कमी रक्कम पार्ट पेमेंट (हप्त्याशिवाय मुद्दलात वेगळी भरलेली रक्कम) म्हणून घेत नव्हते, मग ती साठेपर्यंत सेव्हिंगमधेच पडून राहायची, आणि तिथे पडलेला पैसा राहत नाही हो. गणपती आले, मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाचा आहेर आला, लॅपटॉपची स्क्रीन गेली. बँकेला सांगून जेमतेम १२ हजार भरू दिले तेवढेच. तुमच्याकडे बँक दोन-तीन हजार पण ऑनलाइन घेत असेल तर हा त्रास तुम्हाला होणार नाही हे मान्य आहे, तेवढी चिल्लर कपातीची बाजू बळकट होते.

मला खरा नडला तो दुसराच त्रास. वही लिहायची म्हणजे रोज कोणीतरी कोणालातरी विचारणार की हे केवढ्याला आणलं. विचारणारा बहुतेक वेळा मीच. मी चिडून वगैरे विचारायचो नाही, फक्त लिहायला आकडा पाहिजे म्हणून, पण चार-पाच महिन्यात असं झालं की बायको पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगायची, सीताफळं ऐंशीची, स्वस्त मिळाली म्हणून घेतली. ती स्वतः कमावते, अर्धा हप्ता तिच्या पगारातून जातो, आणि तिला सीताफळांचा खुलासा द्यावासा वाटतोय. मुलगी तेव्हा सहावीत होती, तिने शाळेच्या सहलीचा कागद दोन दिवस दप्तरातच ठेवला होता.

आणि मग आईची फुलपुडी. आमच्याकडे रोज सकाळी दाराच्या कडीला पुडी अडकवलेली असते, १५ रुपयांची, दोन गुलाब, थोडी शेवंती, दूर्वा, तुळस. आई गेली पस्तीस वर्षं तशी पुडी घेते. एक दिवस सकाळी खाली गेलो तर आई सोसायटीच्या कंपाउंडपाशी वाकून तगरीची फुलं वेचत होती. मला वाटलं आज पुडी आली नाही. तर तिने महिन्यापूर्वीच फुलवाल्याला नको म्हणून सांगितलं होतं आणि घरात कोणाला बोलली नव्हती. का विचारलं तर म्हणाली, अरे तुम्ही सगळे एवढं बघून करताय, माझे साडेचारशे वाचले तर वाचले. तेव्हा ती ७५ वर्षांची होती, गुडघे दुखतात, आणि मी वहीत त्या महिन्यात फुलांच्या रकान्यात शून्य लिहून पुढे गेलो होतो, का शून्य आहे हे विचारलंसुद्धा नव्हतं. त्या रात्री वही बंद केली. फेब्रुवारी २०२४.

आता हे आमच्या घरचं झालं. मी असं नाही म्हणत की चिल्लर कपात सगळ्यांकडे अशीच होते. माझ्या एका मित्राकडे नवरा-बायको दोघंच, दोघांनाही हिशेबाची आवड, ते मजेत करतात आणि त्यांचं लोन माझ्यापेक्षा वेगाने उतरतंय. पण घरात म्हातारं माणूस आणि कळतं मूल असेल तर ते दोघं तुमच्यापेक्षा जास्त कपात करतात, न सांगता, आणि नको तिथे. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ठोक कपातीत आम्ही दोनच गोष्टी केल्या. पहिली, गाडी विकली. आम्ही चिंचवडला राहतो, ऑफिसला दोघंही दुचाकी नाहीतर मेट्रोने जातो, गाडी निघायची शनिवार-रविवारी. वर्षाला विमा ११ हजार, सर्व्हिसिंग आणि टायर-बॅटरीचे वेगळे १९-२० हजार, पेट्रोल महिन्याला चार हजार, म्हणजे महिना साडेसहा हजार झाले. आता रिक्षा आणि कॅबला दीड हजार लागतात, तर निव्वळ पाच हजार वाचले. विकून २ लाख ६० हजार आले ते त्याच आठवड्यात, मे २०२४ मधे, लोनमधे भरले. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत गेली त्यामुळे गाडीची आठवण अजून कमी झाली. कराडला गावी जायचं तर एसटी, बायकोला महिला म्हणून अर्धं तिकीट आहे आणि आईला पंचाहत्तरी झाल्यामुळे तिकीटच नाही, चौघं मिळून जेवढ्यात जाऊन येतो तेवढं आधी नुसतं पेट्रोलला आणि टोलला जायचं. दुसरी गोष्ट, दरवर्षीची विमानाची ट्रिप एक वर्षाआड केली, त्याचे महिन्याला दीड हजार धरा.

बास, एवढंच. दूध परत म्हशीचं आलं. वही नाही. फुलपुडी सुरू झाली, आईने तीन-चार दिवस कुरकुर केली मग गप्प बसली. चिल्लर कपातीतली एकच गोष्ट ठेवली, ते दहा मिनिटात घरपोच सामान आणणारं ॲप मोबाइलमधून काढलं ते काढलंच, कारण वहीत कळलं होतं की त्याच्यावर महिन्याला अडीच-तीन हजार जातात आणि त्यातलं निम्मं सामान नाही आलं तरी चालतं. तेवढ्यासाठी एक महिना वही लिहाच असं मी सांगेन, गळती कुठे आहे ते दिसतं. पण एक महिना.

पैसे सेव्हिंगमधे अडकण्याचा प्रश्न असा सुटला की पार्ट पेमेंटचा नादच सोडला, बँकेत अर्ज देऊन हप्ताच ३२,१०० वरून ३८,६०० करून घेतला. पाच तारखेला कापला जातो, आपल्या हातात येतच नाही. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या रेटच्या होमलोनला लवकर फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही त्यामुळे ते टेन्शन नाही. गाडीच्या पैशाचं पार्ट पेमेंट केलं तेव्हा मात्र सावध राहायला लागलं, बँकेच्या फॉर्मवर हप्ता कमी करायचा की मुदत असा पर्याय असतो आणि आमच्याकडे काउंटरवरच्या माणसाने आपणहून हप्ता कमीवर टिक केली होती, ती खोडून परत करायला लावली.

टॅक्सचं विचारतात म्हणून सांगतो, इन्कम टॅक्सच्या जुन्या रेजिममधे स्वतः राहत्या घराच्या व्याजावर एका माणसाला दोन लाखांपर्यंतच वजावट आहे. आमचं वर्षाचं व्याज तीन लाखांच्या वर होतं आणि लोनवर नाव माझ्या एकट्याचं, त्यामुळे वरचं लाखभर कमी झालं तरी टॅक्समधे काहीच गेलं नाही. नव्या रेजिममधे राहत्या घराला ही वजावट नाहीच. एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठराविक रक्कम) बंद करून लोन फेडावं का यावर मी बोलणार नाही, आम्ही मुलीच्या नावाची एक चालू ठेवली आहे आणि सहा महिन्यांचा खर्च एफडीत वेगळा आहे, त्याला हात लावला नाही.

ठोक कपातीचा त्रास नाही असं नाही. आईला रात्री साडेअकराला छातीत दुखायला लागलं होतं तेव्हा कॅब मिळेपर्यंतची पंधरा मिनिटं मी विसरलेलो नाही, सुदैवाने ॲसिडिटी निघाली. आता शेजाऱ्यांशी बोलून ठेवलंय, त्यांची गाडी आणि गरज पडली तर ड्रायव्हर मी. जिथे रात्री काहीच मिळत नाही अशा भागात राहत असाल आणि घरात आजारी माणूस असेल तर गाडीला हात लावू नका, दुसरा काहीतरी मोठा खर्च शोधा. आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, ट्रिप नाही, पगारातून घर कसंबसं चालतं, त्यांना ठोक कपात करायला ठोक काही नसतंच, त्यांच्यासाठी चिल्लरच, फक्त मग दोन-तीन गोष्टी सगळ्यांनी बसून ठरवा आणि बाकीच्यांची किंमत कोणाला विचारू नका.

२०२५ मधे रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, बँकेचा मेसेज आला की हप्ता कमी करायचा का. बायकोच म्हणाली नको, आहे तो राहू दे, आता सवय झाली आहे. नवीन शेड्यूल मागून घेतलं. मूळचा शेवटचा हप्ता सप्टेंबर २०४१ चा होता, आता २०३४ च्या सुरवातीचा दिसतोय. मुलगी आठवीत आहे, तेव्हा ती बावीस वर्षांची असेल.