एकच रविवार मोकळा असेल तर: मुंबईच्या वसंतातील चार सहली

जानेवारीच्या अखेरीस राणीच्या बागेत फुलांचे प्रदर्शन भरते आणि चैत्र शुद्ध प्रतिपदेला गिरगावात शोभायात्रा निघते. या दोहोंच्या मधले आठ-दहा आठवडे म्हणजे मुंबईतील कुटुंबाला घराबाहेर पडण्यासाठी मिळणारा वर्षातील सर्वांत बरा काळ. मात्र मुलांच्या परीक्षा, लग्नांचे मुहूर्त आणि दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवणारा रविवारचा मेगाब्लॉक वजा केला, तर या काळात प्रत्यक्ष हाती एखादाच मोकळा दिवस उरतो. तो कशावर खर्च करावा, हा प्रश्न आमच्या घरात दरवर्षी निघतो. घरात सहा-सात वर्षांचे मूल आहे आणि गुडघे दुखणारी आत्याही आहे, म्हणून पुढील तुलना अशा घराच्या दृष्टीने केली आहे.

कार्यक्रम कोणता हे ठरवण्याआधी उन्हाचा विचार करावा. फेब्रुवारीत दुपारही सुसह्य असते. मार्चमध्ये मात्र पूर्वेकडून जमिनीवरचे तापलेले वारे येतात, आणि समुद्रावरून येणारे खारे वारे ज्या दिवशी दुपारी उशिरा सुरू होतात त्या दिवशी पारा ३८-४० अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे फेब्रुवारीत ठरवलेली सहल दिवसाच्या कोणत्याही वेळी चालते. मार्चमधली सहल सकाळी अकराच्या आत आटोपणारी असावी.

राणीच्या बागेतील, म्हणजे भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातील, महापालिकेचे फुलांचे प्रदर्शन बहुधा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या आरंभी तीन दिवस भरते. फुलांनी रचलेल्या मोठाल्या प्रतिकृतींपुढे फोटो काढणाऱ्यांची रांग लागते आणि बहुतेकांचे प्रदर्शन तिथेच संपते. माझ्या मते खरी गंमत त्यामागच्या मांडवात, कुंड्यांमधल्या भाज्यांत असते. गच्चीवरच्या कुंडीत लगडलेली वांगी, फळधारणा झालेले लिंबाचे बुटके झाड आणि कोबीचा गड्डा यांच्यासमोर आमच्या आत्या अर्धा तास रमल्या होत्या, आणि भाजी जमिनीतून येते हे मुलानेही तिथेच पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. रस्ते सपाट आहेत, सावली भरपूर आहे, बसायला बाके आहेत आणि स्वच्छतागृह शोधत फिरावे लागत नाही. या चारही बाबी एकत्र जुळतील असे दुसरे ठिकाण या तुलनेत नाही.

प्रदर्शन चुकले तरी बाग चुकवू नये. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानात गोरखचिंच, कैलासपती आणि उर्वशी ही झाडे आहेत. उर्वशीचे लालभडक लोंबते घोस पाहण्यासाठी झाडांचे जाणकार या दिवसांत मुद्दाम येतात. मुलांचा ओढा अर्थातच पेंग्विनकडे असतो. प्राणिसंग्रहालयाचे तिकीट २०१७ मध्ये वाढून मोठ्यांना ५० रुपये, लहान मुलांना २५ रुपये आणि आई-वडील व दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये झाले. बुधवारी बाग बंद असते.

फेब्रुवारीच्या आगेमागेच दक्षिण मुंबईतील फोर्ट भागात नऊ दिवसांचा काळा घोडा कला महोत्सव येतो. १९९९ पासून भरणारा हा महोत्सव बहुतांशी विनामूल्य आहे. रॅम्पार्ट रोवर मांडणशिल्पे आणि हस्तकलेचे गाळे असतात, डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या हिरवळीवर साहित्याचे कार्यक्रम होतात आणि आसपासच्या सभागृहांत व मैदानांत नृत्य-संगीत चालते. कागदावर हा पर्याय सर्वांत श्रीमंत दिसतो. प्रत्यक्षात शनिवार-रविवारी संध्याकाळी रॅम्पार्ट रोवर एवढी दाटी होते की सात वर्षांच्या मुलाला पुढच्या माणसाच्या पाठीवरची पिशवी तेवढी दिसते, आणि आत्यांना टेकायला एखाद्या इमारतीची पायरीही मोकळी सापडत नाही. मुलांच्या कार्यशाळा चांगल्या असतात, पण आधी नाव नोंदवले नाही तर जागा मिळत नाही.

म्हणून काळा घोड्याला जायचे असेल तर रविवार सोडून द्यावा आणि आठवड्यातल्या एखाद्या दिवशी अर्धी रजा टाकून जावे. आधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दुपार काढावी, चारच्या सुमारास रस्त्यावर यावे आणि कार्यालये सुटण्याआधी परतीची गाडी धरावी, हा क्रम आम्हाला मानवला आहे. तेरा-चौदा वर्षांची मुले असलेल्या घराने मात्र हा महोत्सव पहिल्या क्रमांकावर ठेवावा, कारण तिथे मुलांना मोठ्यांचे बोट सोडून स्वतःच्या आवडीने फिरता येते. एक गमतीची गोष्ट अशी की ज्या घोड्यावरून या भागाला नाव पडले तो इथे नाहीच. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवण्यात आला आणि पुढे राणीच्या बागेलगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा राहिला. काळ्या घोड्याला आज दिसतो तो बिनस्वाराचा घोडा २०१७ चा आहे. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून घारापुरीला एलिफंटा म्हटले, तो हत्तीही भाऊ दाजी लाडच्याच आवारात आहे.

तिसरा पर्याय रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा. नोव्हेंबरपासून येऊ लागलेले हे पक्षी, ज्यांना आपल्याकडे अग्निपंखही म्हणतात, मे महिन्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची संख्या भरात असते. खाडीचा सुमारे १६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे पक्षी पाहण्याचे दोन सरळ मार्ग आहेत: शिवडीच्या धक्क्यावर उभे राहून फुकट पाहणे, किंवा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून तिकीट काढून बोटीने जाणे. दोन्ही ठिकाणी भरती-ओहोटी चुकली की सगळे चुकते, आणि ती दोन्हीकडे उलट्या बाजूने चुकते. शिवडीला पूर्ण भरती असेल तर चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी तिथून उठतात. पूर्ण ओहोटी असेल तर ते इतके दूर जातात की नुसती गुलाबी रेघ दिसते. पाणी चढत किंवा उतरत असताना, म्हणजे भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर, ते काठाजवळ चरतात. ऐरोलीच्या बोटीला मात्र चालण्यासाठी भरतीचेच पाणी लागते, त्यामुळे फेऱ्यांच्या वेळा रोज बदलतात.

हे मला शिवडीला समजले. एका रविवारी आम्ही नऊ वाजता धक्क्यावर पोचलो. ट्रक आणि गोदामांच्या रस्त्याने वीस मिनिटे चालून आल्यावर समोर होते ते काठोकाठ पाणी, दुरुस्तीला लावलेल्या दोन होड्या आणि एक बगळा. मुलाने विचारले, "गुलाबी कुठे आहेत?" आत्यांचे माहेर श्रीवर्धनचे. त्यांनी शांतपणे सांगितले, "आज द्वादशी. नऊला भरतीच असणार. मला विचारलं असतंस तर घरीच सांगितलं असतं." त्यांचा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे: तिथीची पाऊणपट करावी, की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दुसरा पंधरवडा सुरू झाला की तिथी पुन्हा एकपासून मोजायची. छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिल्यास थोडाफार फरक पडतो, पण सहलीचा दिवस निवडायला हा हिशेब पुरेसा आहे. यावरून शिवडीसाठी अष्टमीची किंवा पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची सकाळ बरी, आणि ऐरोलीच्या सकाळच्या बोटीसाठी एकादशी ते त्रयोदशी.

दोहोंपैकी एक निवडायचे असेल तर मी कुटुंबासाठी ऐरोली निवडेन. खर्च होतो, कारण बोटीचे तिकीट माणशी काही शे रुपयांचे असते आणि आरक्षण आधी करावे लागते. पण केंद्रात सावली आहे, स्वच्छतागृह आहे, देवमाशाचा सांगाडा आहे, आणि बोटीत तासभर बसूनच राहायचे असल्याने आत्यांच्या गुडघ्यांना त्रास नाही. करडी पिल्ले आणि गुलाबी मोठे पक्षी शेजारीशेजारी दिसतात, तेव्हा हा रंग खाडीतल्या शेवाळातून आणि बारीक जीवांतून येतो हे मुलाला वेगळे समजावावे लागत नाही. सोमवारी केंद्र बंद असते, आणि ट्रान्स-हार्बर लोकल मार्गावरचा ब्लॉक आदल्या रात्री पाहून ठेवावा. शिवडी ही मोठ्या मुलांना घेऊन, दुर्बीण गळ्यात अडकवून जाण्याची जागा आहे.

बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान मी मुख्य तुलनेत धरलेले नाही. पळस, पांगारा आणि सावर फुललेले असताना कान्हेरीचा रस्ता सुंदर दिसतो, परंतु शंभरावर लेण्यांच्या कातळावर मार्चमधल्या दुपारी पाय भाजतात आणि पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. फेब्रुवारीत, सकाळी आठला आणि आत्यांशिवाय जाणार असाल तर जरूर जावे.

उरली गुढीपाडव्याची शोभायात्रा. हिची तारीख आपल्या हाती नसते: २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला, तर २०२७ मध्ये ७ एप्रिलला, आणि या तीन आठवड्यांत उन्हाचा कडाका पुष्कळ बदलतो. पाडव्याच्या पहाटे अशी यात्रा काढण्याची प्रथा १९९९ मध्ये डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तिथून ठाणे, गिरगाव अशी पसरली. गिरगावात ढोल-ताशा, लेझीम, चित्ररथ आणि नऊवारी नेसून, फेटा बांधून मोटारसायकलवर निघालेल्या बायका यांचा थाट मोठा असतो. वर्तमानपत्रातले फोटो इथलेच असतात. रस्ते मात्र अरुंद आहेत आणि ढोलपथक समोर आले की लहान मूल कानांवर हात ठेवून रडू लागते. डोंबिवलीत यात्रेचा पसारा मोठा, पण फडके रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत मागे सरकायला जागा मिळते, आणि मुलाच्या शाळेतले कोणीतरी पथकात असतेच. पाहायचेच असेल तर गिरगाव, सहभागी व्हायचे असेल तर डोंबिवली, असे मी सांगेन. गिरगावात कोणा ओळखीच्याची गॅलरी मिळत असेल तर आत्यांनाही न्यावे, एरवी नाही.

शोभायात्रेची एक अडचण कोणत्याही जाहिरातीत नसते. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारायची, नैवेद्य करायचा आणि आठपर्यंत गिरगाव गाठायचे, हे एकाच माणसाला जमत नाही. बहुतेक घरांत यात्रेला बाकीचे जातात आणि घरची बाई पुऱ्या तळत राहते. आमच्याकडे गेली काही वर्षे चक्का आदल्या संध्याकाळी आणून श्रीखंड रात्रीच घोटून ठेवतो, घोटण्याचे काम माझ्याकडे असते, आणि पुऱ्या अकराला परत आल्यावर तळल्या जातात. आत्यांच्या मते नैवेद्याला उशीर होतो. त्या घरी थांबून गुढीची पूजा सांभाळतात आणि टीव्हीवर गिरगाव बघतात.