स्कॅन फुकट, लूट दुरुस्तीच्या नावाखाली

अ‍ॅडवेअर (न विचारता जाहिराती दाखवणारे प्रोग्राम) काढून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर पैसे घेऊन मोकळं होतं आणि जाहिराती जागच्या हलत नाहीत. प्रकार सगळ्यांना पाठ आहे, तरीही माणसं फसतात. दर दोन मिनिटांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात काहीतरी अश्लील उगवत असेल, तर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? ‘एवढंही कळलं नाही?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा तिथे बसून पाहावं.

कळायला हवं होतं ते त्याच्या फुकट स्कॅनच्या निकालाच्या यादीत. लाल अक्षरांत चार आकडी ‘धोके’, आणि उघडून पाहावं तर कुकीज, टेंप फाइल्स, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) शिळ्या नोंदी. हा कचरा रोज वापरात असलेल्या कुठल्याही निरोगी मशीनवर सापडतो. एकाही फाइलचा पाथ, म्हणजे ती कुठे आहे तो पत्ता, दिलेला नाही. आणि हे सगळं मिनिटाभरात! विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसच्या ऑफलाइन स्कॅनलाही पंधराएक मिनिटं लागतात.

बरं, नावाजलेल्या दुकानात न्यावं तरी खात्री नाही. अमेरिकेत ऑफिस डेपोच्या ‘पीसी हेल्थ चेक’मध्ये सुरुवातीला चार प्रश्न असत: पॉप-अप येतात का, मशीन हळू चालतं का, वगैरे. एकावर जरी टिक केली, तरी मालवेअरची (घातक सॉफ्टवेअरची) लक्षणं सापडल्याचा निकाल ठरलेला. दुरुस्तीचे ३०० डॉलरपर्यंत. २०१९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण यंत्रणेशी तडजोड करताना ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि हे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरले.

एरवी दाद लागते कुठे? बँक म्हणते, कार्डाचा नंबर तुम्हीच घातलात. पोलीस म्हणतात, डाउनलोड तुम्हीच केलंत, त्यात गुन्हा कसला? विकणारा म्हणतो, सॉफ्टवेअर तर चालतंय! तक्रार क्रमांक मात्र तिघेही तत्परतेने देतात.

संताप याचा, की कोपऱ्यातले ते पॉप-अप बहुतेकदा व्हायरस नसतातच. कुठल्यातरी साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितल्यावर ‘अलाऊ’ दाबलेलं असतं, बस्स. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी पत्ते काढा. खर्च शून्य, आणि विकतचा क्लीनर इथे बोटही लावत नाही.

नको असलेलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) काढूनही परत येतं? आधी ब्राउझरचं सिंक बंद करा, नाहीतर तुमच्या खात्यातूनच पुन्हा उतरतं. मग विंडोजचा टास्क शेड्यूलर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, बघा. ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये ‘टार्गेट’च्या शेवटी वेबपत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच खोडा. घरच्या मशीनवर ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ दिसलं तर पॉलिसीच्या नोंदी (ब्राउझरवर बाहेरून लादलेल्या सेटिंग्ज) तपासा. मालवेअरबाइट्स कंपनीचं अ‍ॅडक्लीनर फुकट आहे, पण त्यांच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवरून मुळीच नको.

आणि पैसे भरलेच असतील तर क्लीनर अनइन्स्टॉल करून थांबू नका. सबस्क्रिप्शन त्याने रद्द होत नाही. ऑटो-रिन्यूअल वेगळं बंद करा, मेलवर लेखी उत्तर घ्या, आणि बँकेला फसवणूक झाल्याचं सांगून कार्ड बदलून मागा.